पडता पडता फाइव्ह-नाइन
हॅम रेडिओवाल्यांना उंचीचं भारी वेड, आणि ते निराधार नाही. १४४ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास नजरेच्या रेषेतच धावतात. त्यामुळे ४,००० मीटरवरून ५ वॅटचा हातातला संचही २०० किलोमीटरपलीकडे ऐकू जाऊ शकतो. म्हणजे तो घेऊन विमानातून उडी मारणाऱ्याचं शास्त्र पक्कं आहे, कच्चा आहे तो हिशेब. ताशी २०० किलोमीटरने कोसळताना मिनिटभर माइकमध्ये शिरतो तो फक्त वारा. पॅराशूट उघडल्यावर चार-पाच मिनिटं शांतता मिळते की, असं कोणी म्हणेल. मिळते; पण तेव्हा दोन्ही हात दिशा सांभाळणाऱ्या दोऱ्यांत गुंतलेले, आणि बोलायचं बटण दाबायला तिसरा हात काही परवान्यासोबत येत नाही. बरं, जुगाड करून बटण जमवलं, तरी बोलणार काय? "सिग्नल फाइव्ह-नाइन (हॅमच्या भाषेत, एकदम खणखणीत), हवामान स्वच्छ." हे गच्चीवरूनही सांगता येतं, फक्त तिथे कोणी दाद देत नाही.