सात तेराचा सूर्य

रायगड जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. राष्ट्रीय महामार्ग आहे. २०११ पासून त्याचं चौपदरीकरण चाललंय, त्यामुळे कंत्राटदाराशिवाय पार पडणाऱ्या गोष्टींवर आम्हा पेणकरांची भारी श्रद्धा. सूर्योदय त्यांतलाच.

डोंबिवलीच्या भाच्याचा फोन आला. ‘‘मामा, नॅशनल पार्क सनराइज ट्रेक! तुमच्याकडेच आहे. नऊशे नव्याण्णव रुपये, नाश्ता आणि सर्टिफिकेट धरून.’’

‘‘कुठलं रे पार्क?’’

‘‘अवचितगड.’’

रोह्याच्या डोक्यावरचा हा किल्ला. झाडी दाट आहे म्हणून आयोजकांनी परस्पर बढती दिली असावी. तसं पलीकडे फणसाड आहे, पूर्वीचं जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं रान. पण ते पडलं अभयारण्य. त्या नावाला पाचशेच्या वर कोण देतो?

रात्री अडीचला पेणच्या नाक्यावर येणारी मिनीबस साडेतीनला आली. पेणहून वेळेवर निघतात ते फक्त गणपती, तेही कारखाने वर्षभर आधीपासून कामाला लागतात म्हणून. मेढे गावात उतरलो तेव्हा कपाळाला दिवे बांधलेली तीस माणसं पाहून कुत्र्यांना लग्नाची वरात वाटली. ती वेशीपर्यंत पोचवायला आली. सव्वासहाला गडावर. सूर्योदय सात तेराला. लीडर म्हणाला, ‘‘लवकर आल्यामुळे पुढची जागा मिळाली.’’ मागे कोणीच नव्हतं.

जानेवारीच्या थंडीत करणार काय? मी भाच्याला ज्ञान दिलं. म्हटलं, हे सात तेरा आपले नव्हेत. १९०६ पासून देशाची वेळ तिकडे मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरून ठरते. मुंबईचं जुनं घड्याळ त्याच्या ३९ मिनिटं मागे होतं, आणि शहराने ते हट्टाने १९५५ पर्यंत चालवलं. त्या घड्याळात आपला सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो. अगदी सभ्य वेळ. शिवाय मोबाइल क्षितिज सपाट धरून चालतो. आपल्या पूर्वेला उभा सह्याद्री! म्हणजे सूर्य आधी घाटावर उगवणार, पुणेकरांनी तपासून पुढे सोडला की मग कोकणात उतरणार. त्याला चार-पाच मिनिटं लागतातच.

‘‘मामा,’’ भाचा म्हणाला, ‘‘तुम्हाला रेंज आहे?’’

सात तेराला शिट्टी झाली. तीस फोन पूर्वेला वळले. समोर डोंगरांची काळी रांग, तिच्यावर नारिंगी उजेड, खाली धुक्यात कुंडलिका. बाकी काही नाही.

‘‘झाला का?’’ एका बाईंनी विचारलं.

लीडरने घड्याळ पाहिलं. ‘‘झाला.’’

टाळ्या झाल्या. मंडळी लगेच पाठ फिरवून पोह्यांकडे गेली. शेव आधी संपल्यावरून तिथे थोडी बाचाबाचीही झाली. एवढ्यात सह्याद्रीच्या कड्यावरून सूर्य निघाला. आधी नखाएवढा, मग ताटाएवढा. बारा कोनी तलावाचं पाणी पाहता पाहता तांबूस झालं. मी हातातली बशी खाली ठेवली. भाच्याला हाक मारणार, तोच लीडर ओरडला, ‘‘पाठीवर ऊन येतंय, सगळे जरा सावलीत सरका!’’

सगळे सरकले.

परतताना बुरुजावरचा शिलालेख दाखवला. शके १७१८, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे १७९६ सालचा पाडवा. कोरणाऱ्याने तिथीपर्यंत सगळं लिहिलंय, पण किती वाजता ते नाही. नाश्त्याची गडबड नसावी. वाचायला कोणी थांबलं नाही, कारण वाकणला गाड्या तुंबायच्या आत निसटायचं होतं.

निसटलो नाही. तासभर जागेवर उभे होतो, तेव्हा लीडरने बसमध्येच सर्टिफिकेटं वाटली. माझ्या नावाखाली छापलं होतं : ‘सूर्योदय प्रत्यक्ष पाहिला. वेळ ७.१३.’ शाई चांगली वाळलेली होती. खाली तारीख मात्र आदल्या रविवारची होती.