टाय बांधून किक कशी मारावी

मे महिन्यातला रविवार, अंगात सूट, गळ्यात टाय आणि खाली तापलेली बुलेट. असे शंभरेक लोक एकामागून एक निघाले की रस्त्यावरची माणसं वरात समजून नवरदेव शोधू लागतात. शोधू द्यावा. नवशिक्याने एवढंच ध्यानात ठेवावं की आपण ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राईड’ला आलो आहोत आणि जमणारे पैसे प्रोस्टेट कॅन्सरवरच्या संशोधनाला आणि पुरुषांच्या मानसिक आरोग्याच्या कामाला जायचे आहेत.

थोडा इतिहास पाठ असावा, सिग्नलला कुणीतरी विचारतंच. सिडनीच्या मार्क हावा यांनी ‘मॅड मेन’ मालिकेतल्या डॉन ड्रेपरचा एक फोटो पाहिला. जुनी मोटारसायकल आणि तिच्यावर कडक सुटातला हा गृहस्थ. मोटारसायकलवाला म्हणजे टोळीतला गुंड, हा समज पुसायला सगळ्यांनी असंच नटून निघावं, असं त्यांच्या मनात आलं. २०१२ साली पहिली राईड निघाली ती ६४ शहरांत. कॅन्सरसाठी पैसे गोळा करणं त्यानंतर सुरू झालं. आता ते काम ‘मूव्हेंबर’च्या साथीने चालतं. ही संस्था २००३ साली मेलबर्नमध्ये निघाली, नोव्हेंबरभर मिश्या वाढवण्याच्या खुळातून. मिशीवर पैसे मिळतात हे आपल्याकडे कुणाला सुचलं नाही याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

पूर्वी ही राईड सप्टेंबरअखेर असे, २०२१ पासून ती मे महिन्यात आली. म्हणजे मुंबईकराची पँट आधी चिखलाने जायची, आता शर्ट घामाने जातो.

गाडी जुनी किंवा जुन्या घाटाची हवी. भाच्याची रेसिंग बाईक मागून नेऊ नये. बुलेट, जावा, येझदी चालते आणि जुन्या स्कूटरलाही मान आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात वडिलांची चेतक गंजत पडली असेल तर नशीब उघडलं म्हणायचं. तिला तिरकी करून मग किक मारण्याचा विधी मात्र सूट चढवण्याआधीच उरकावा. जुन्या जावा-येझदीला किकचा आणि गिअरचा दांडा एकच असतो, तेव्हा गाडी सुरू झाली म्हणजे काम संपलं असं नाही. उसनी बुलेट फार जुनी असेल तर आणखी गंमत: गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. आयुष्यभराच्या सवयीने ब्रेक दाबायला जाल आणि गिअर बदलून पुढच्या सद्गृहस्थाच्या मडगार्डला सलाम कराल. आदल्या दिवशी गल्लीत दोन फेऱ्या माराव्यात.

सूट बहुधा लग्नातला असतो आणि बहुधा बंद होत नाही. उघडा ठेवावा, वारा लागतो. टायचं टोक शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणामधून आत खोचावं, नाहीतर वेग घेताच ते हेल्मेटच्या काचेवर फडाफडा आपटतं आणि समोरचं काही दिसत नाही. बूट पॉलिश केलेले असावेत, पण तळवा गुळगुळीत चामड्याचा नको. गिअरवरून घसरतो. पुण्याच्या मंडळींसाठी वेगळी सूचना: पगडीवर हेल्मेट बसत नाही. दोन्हींतलं एक निवडायचं आहे आणि ते एक पगडी नव्हे. हेल्मेटसक्तीच्या विरोधात कृती समिती काढणाऱ्या शहराला हे जड जाईल, पण कॅन्सरसाठी निघालेल्या माणसाने डोकं फोडून घेऊन न्यूरोसर्जरी विभागाचं काम वाढवू नये.

इथवरचं सगळं सोपं. खरी परीक्षा घरातल्या सोफ्यावर होते.

नाव नोंदवलं की तुमच्या नावाचं देणगीचं पान उघडतं. त्याची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की सात अंगठे आणि दोन नमस्कार येतात. रुपया येत नाही. म्हणून काकांकडे प्रत्यक्ष जावं. चहा होईपर्यंत विषय काढू नये.

“अरे, कॅन्सरला द्यायचे तर मी सरळ परळला टाटात जाऊन देईन. तुझ्या पेट्रोलला कशाला देऊ?”

प्रश्न रास्त आहे, रागावू नये. पेट्रोल माझं मी घालतो, तुमचे पैसे माझ्या खिशात येतच नाहीत, हे शांतपणे सांगावं. पुढचा प्रश्न प्राप्तिकरातल्या ८०जी सवलतीचा येणार. ती सवलत मान्यता असलेल्या संस्थेच्या पावतीवरच मिळते. काकांचा जीव तिच्यातच अडकला असेल तर त्यांना खुशाल परळला जाऊ द्यावं, तिथेही पैसा कॅन्सरच्याच कामी लागतो. तुमच्या पानावरचा आकडा तेवढा हलणार नाही.

मग काका आवाज खाली आणून विचारतात, “कुठला कॅन्सर म्हणालास?”

इथे बहुतेक नवशिके घसरतात. “ते... पुरुषांचं असतं ते,” असं पुटपुटून लिंक पुढे करतात. तसं करू नये. प्रोस्टेट म्हणावं, मोठ्याने म्हणावं. मूत्राशयाच्या खाली, अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्यामधून जाते, म्हणून वयाबरोबर ती वाढली की रात्री उठाउठ सुरू होते.

“ते वयाचं असतं रे,” काका म्हणतात.

“किती वेळा उठता ते सांगा की त्याला!” काकू आतून.

काकांचं बरोबरही असतं. वाढलेली प्रोस्टेट म्हणजे कॅन्सर नव्हे. अडचण अशी की कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे उठाउठीवरून अंदाज बांधून चालत नाही. पीएसए नावाची रक्ताची तपासणी आहे. तिचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच, असंही नसतं. करायची की नाही ते डॉक्टरांना विचारावं, पन्नाशीनंतर तर नक्कीच. एवढं बोलून थांबावं. सूट घातला म्हणून कुणी सर्जन होत नाही.

प्रत्यक्ष राईडबद्दल सांगण्यासारखं थोडंच. हळू चालवावी, पुढे घुसू नये, सायलेन्सर फाडून गल्ली जागी करू नये. शेवटी चहा-नाश्त्याला शेजारच्या रायडरला “बाकी कसं चाललंय?” विचारावं, आणि “मजेत” या उत्तरावर लगेच बाइकच्या ॲव्हरेजकडे वळू नये. मानसिक आरोग्याचे पैसे त्यासाठीच आहेत.

देणगीचं पान राईडनंतरही काही दिवस उघडं असतं. सूट ड्रायक्लीनिंगला टाकावा आणि काकांना दोन फोन करावेत. पहिला पैशांसाठी, दुसरा डॉक्टरकडे गेलात का हे विचारायला. दुसऱ्या फोनला काका उचकले तर तिसरा काकूंना लावावा.