दोन गदा, चार पट्टे, एक माईक

२०२५ च्या मार्चअखेरीस आमचे मामा महाराष्ट्र केसरी बघायला निघाले. कुस्त्या कर्जतला आहेत, एवढंच त्यांनी वाचलं होतं. पनवेलच्या माणसाला कर्जत म्हटलं की पुढचं काही वाचावं लागत नाही. पनवेल-कर्जत लोकल बरीच वर्षं ‘येणार, येणार’ होती. तिची वाट न बघता मामांनी एसटी धरली, भर दुपारी कर्जतला उतरले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "आखाड्यावर घे." रिक्षावाल्याने त्यांना एका फार्महाउसवर नेऊन सोडलं. तिथे हळद चालली होती. डीजे होता, मंडप होता, कुस्ती मात्र रात्री दहानंतरच अपेक्षित होती. संध्याकाळी मामा दिवाडकरांच्या वड्यांचं पुडकं घेऊन घरी आले. केसरी ज्या कर्जतला होती ते नगर जिल्ह्यातलं. जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणायचं, हेही त्यांना त्याच दिवशी कळलं.

"पण नगरची तर फेब्रुवारीतच झाली की रे," मामा म्हणाले.

झाली होती. २ फेब्रुवारीला पृथ्वीराज मोहोळने गदा घेतली, ती सदुसष्टावी स्पर्धा. मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळकेने गदा घेतली, ती सहासष्टावी. जिल्हा एकच, किताब एकच, आणि सदुसष्टनंतर सहासष्ट. मी समजावून सांगायला गेलो, पण मामा रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यांना समजवावं लागलं नाही. "म्हणजे मागची गाडी लेट आहे," ते म्हणाले आणि वडा मोडला.

गाडी लेट होण्याचं कारण रुळांवर नव्हतं, कंट्रोल रूममध्ये होतं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ ची, मामासाहेब मोहोळांनी उभी केलेली. २०२२ मध्ये ती शरद पवारांच्या अध्यक्षपदाखाली असताना भारतीय कुस्ती महासंघाने बरखास्त केली. रामदास तडसांच्या अध्यक्षपदाखाली दुसरा संघ आला, प्रकरण कोर्टात गेलं. पुढच्या वर्षी डिसेंबरात क्रीडा मंत्रालयाने बरखास्त करणाऱ्या महासंघालाच निलंबित केलं. सासूने सुनेला घराबाहेर काढावं आणि घरमालकाने सासूला, तसं. मधल्या मध्ये भांडी मात्र दोन झाली. पासष्टावी केसरी २०२३ च्या जानेवारीत पुण्यात झाली, आणि पासष्टावीच पुन्हा नोव्हेंबरात धाराशिवला. त्याच नोव्हेंबरात फुलगावला सहासष्टावीही होऊन गेली. फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदर शेखने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केलं. मग तोच शिवराज धाराशिवला गेला, हर्षवर्धन सदगीरला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. एकाच महिन्यात एकच मल्ल हरलेलाही आणि जिंकलेलाही. इतकी सोय मतमोजणीतसुद्धा नसते.

मामांना यातलं काहीच नवं वाटलं नाही, कारण मामा मूळचे बॉक्सर. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून लागले. नाक दोनदा मोडलंय. पहिल्यांदा डावीकडे, दुसऱ्यांदा उजवीकडे, त्यामुळे हिशेबाने ते सरळ यायला हवं होतं, आलं नाही. बॉक्सिंगमध्ये जगज्जेता हा शब्द अनेकवचनीच असतो. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संस्था, प्रत्येकीचा वेगळा पट्टा, वजनी गट सतरा. म्हणजे अडुसष्ट जगज्जेते झाले. वर ‘सुपर’, ‘रेग्युलर’, ‘हंगामी’ अशी पोटभाडेकरूंची रांग वेगळीच. पट्टा लावायचा म्हणजे संस्थेला बिदागीतून टक्केवारी द्यायची. टक्केवारी आणि पोटभाडेकरू म्हटल्यावर पनवेलकराला बॉक्सिंग परकं का वाटावं?

हौशी बॉक्सिंगची कथाही निराळी नाही. २०१२ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय संघटनेने भारताची संघटना निलंबित केली. मग दुसरी निघाली, तीही मोडली, २०१६ मध्ये तिसरी आली. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकला आपले बॉक्सर गेले तीन. तीन बॉक्सर, तीन संघटना. माणशी एक, वाटणीला इतका न्याय कुठल्या खेळात नाही.

पण मामांचा खरा विषय संघटना नाही, माईक आहे. बॉक्सर निवृत्त झाला की दोनच वाटा: रेल्वेत असेल तर बुकिंग खिडकी, नसेल तर समालोचन. त्यांचं दैवत जॉर्ज फोरमन. मोहम्मद अलीकडून १९७४ मध्ये किन्शासात मार खाल्ला, निवृत्त झाला, धर्मोपदेशक झाला, परत आला. एचबीओ वाहिनीवर दुसऱ्यांच्या लढतींवर बोलता बोलता १९९४ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःच रिंगमध्ये शिरला आणि मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवा केला. "बोलला ते करून दाखवणारा जगात एकच समालोचक," असं मामा म्हणतात, आणि हे वाक्य वडाळे तलावाच्या काठच्या बाकावर दर रविवारी किमान एकदा होतं. रॉय जोन्स ज्युनिअरही तसाच, हातात माईक आणि हातात ग्लोव्हज. त्याला निवृत्ती कधी घ्यावी हे कळेना, आणि समालोचक या नात्याने इतरांनी ती कधी घ्यावी हे मात्र अचूक कळे.

निवृत्त खेळाडू माईकवर बसला की त्याला तीन आजार होतात. पहिला, "आमच्या वेळी". दुसरा, हरणाऱ्याने काय करायला हवं होतं हे त्याला हरल्यानंतर आठवतं. तिसरा बरा न होणारा: ज्याच्या वाहिनीवर बसलाय त्याचाच बॉक्सर त्याला पुढे दिसतो. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा नाकावर बसतो तेव्हा हा "बचाव सुंदर" म्हणतो. डोळे खराब नसतात, मानधन चांगलं असतं. २०१५ मध्ये पाच वर्षांच्या चर्चेनंतर मेवेदर-पॅकियाव लढत एकदाची झाली, तेव्हा दोन वैरी वाहिन्यांनी समालोचकही वाटून घेतले. सामायिक विहिरीवर दोन्ही घरचे रहाट बसवावेत, तसे.

आणि वैर म्हणजे प्रवर्तकांचं वैर. डॉन किंग आणि बॉब अरम. एक तुरुंगातून सुटून आलेला, दुसरा हार्वर्डचा वकील. तीस-चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांचे बॉक्सर पळवले, एकमेकांना कोर्टात खेचलं, आणि या सगळ्यात दोघांच्याही नाकाला कधी काही झालं नाही. ब्रिटनमध्ये एडी हर्न आणि फ्रँक वॉरन. एडीला हा धंदा वडिलांकडून, बॅरी हर्नकडून मिळाला. वैरही त्यातच आलं, सातबाऱ्यावर वारस लागावा तसं. कित्येक वर्षं दोघे बोलत नव्हते. मग सौदीचा पैसा आला आणि अबोला संपला. १ जून २०२४ ला रियाधला दोघांनी पाच-पाच बॉक्सर उतरवले. हर्नने आपल्या संघाचा कप्तान म्हणून अमेरिकेचा डिऑन्टे वाइल्डर आणला, जो मुळात त्याचा नव्हताच. आपल्याकडे याला उसना बैल म्हणतात. वाइल्डर पाचव्या फेरीत पडला आणि हर्न पाच-शून्यने हरला. सुटाची घडी मोडली नाही.

बैलाचं नाव निघालंच आहे तर आमच्या तालुक्याकडे यायला हवं. २०१४ पासून बंद असलेल्या बैलगाडा शर्यती २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुरू होऊ दिल्या, २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने शिक्कामोर्तब केलं, आणि पनवेल-उरणच्या माळांवर बिनजोडीचे भोंगे पुन्हा वाजू लागले. इथल्या समालोचकाने आख्ख्या जगाला धडे द्यावेत. बैल सुटल्यापासून निशाणापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात हा गाडामालक शेठचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव आणि त्यांनी मंडळाला दिलेली देणगी सांगून मोकळा होतो. बैलाचं नाव शेवटी येतं, तेही श्वास उरला तर. गुलालही आधी शेठच्या अंगावर पडतो. शर्यत धावला कोण, हा प्रश्न त्या माळावर बावळटपणाचा समजला जातो. सांगलीकडे तर चंद्रहार पाटील या दोन वेळच्या महाराष्ट्र केसरीने शर्यत भरवून पहिल्या जोडीला थार गाडी दिली. मल्ल निवृत्त होऊन आयोजक झाला हे ठीक. पण बैलाला थार दिल्यावर चालवणार कोण, याचं समालोचन कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

कुस्तीच्या मैदानात अजून थोडी शुद्ध आहे. शंकर पुजारींसारखा निवेदक माईकवर असला की डाव कोणता, तालीम कोणती, वस्ताद कोण, हे लांब बसलेल्यालाही दिसतं. मामांना तसं व्हायचं होतं. संधी आली.

आमच्या महापालिकेची मुदत २०२२ च्या जुलैत संपली आणि पुढची निवडणूक व्हायला २०२६ चा जानेवारी उजाडला. मधल्या साडेतीन वर्षांत पनवेलमध्ये पाणी कमी आलं, पण भावी नगरसेवकांचा तुटवडा कधी पडला नाही. भावी माणसाला चषक लागतो. क्रिकेटचे चषक संपले, कबड्डीचे संपले, दहीहंडी वर्षातून एकदाच. मग एका भावींना बॉक्सिंग आठवलं. ते आठवल्याचं कळताच शेजारच्या प्रभागातल्या दुसऱ्या भावींनाही आठवलं. एकच रविवार, एका भिंतीला लागून दोन मैदानं, दोन मंडप, दोन ‘पनवेल केसरी’. पहिल्याने बॅनरवर ‘प्रथमच’ लिहिलं, दुसऱ्याने ‘खऱ्या अर्थाने प्रथमच’.

पहिल्या मंडपात समालोचक म्हणून मामांना बोलावणं. मामांनी इस्त्रीचा ब्लेझर घातला, जॅब आणि हूक मराठीत कसे समजवायचे याची टिपणं काढली. तिथे गेल्यावर त्यांच्या हातात मान्यवरांची यादी आली. चौतीस नावं, प्रत्येकाआधी ‘कार्यसम्राट’ किंवा ‘आमचे मार्गदर्शक’. हौशी बॉक्सिंगची फेरी तीन मिनिटांची, यादी वाचायला लागतात चार. "मध्ये मध्ये खेळाचंही बोला," भावींनी परवानगी दिली होती. मामा सव्विसाव्या मान्यवरांपर्यंत आले तेव्हा निळ्या कोपऱ्यातला कळंबोलीचा पोरगा खाली बसला होता आणि रेफ्रीचे आकडे आठवर आले होते. कसा बसला हे माईकवरच्या एकमेव तज्ज्ञाने पाहिलं नव्हतं.

पट्टा मात्र बघण्यासारखा. लाल चामडं, मधोमध पितळेची थाळी, थाळीवर भावींचा फोटो, नमस्काराच्या मुद्रेत. जिंकलेल्या पोराच्या कमरेला तो दोन वेढे बसला असता, म्हणून त्याने डोक्यावर धरला. सगळ्या छायाचित्रांत पोराचं तोंड पट्ट्यामागे गेलं आणि भावी तेवढे स्पष्ट आले.

आता खेळणारी पोरं ती किती? पनवेल, कळंबोली, कामोठे मिळून जी होती ती सगळी सकाळी या मंडपात होती आणि दुपारी भिंतीला वळसा घालून त्या मंडपात. सकाळी खाली बसलेला कळंबोलीचा पोरगा तिकडे साडेतीन वाजता केसरी झाला, सकाळच्याच पोराला हरवून. हे पहिल्या भावींच्या कानावर गेलं आणि त्यांचा तोल गेला. आमचा विजेता तिकडे हरवलाच कसा, आमची परवानगी कोणी घेतली? कार्यकर्ते भिंत ओलांडून गेले. तिकडचे इकडे आले. दोन्ही भावी भिंतीच्या दारात समोरासमोर उभे राहिले.

मामांच्या हातात माईक चालूच होता, आणि यादी संपली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना लढत पहिल्या ठोशापासून दिसत होती.

"डावीकडे पांढऱ्या सदऱ्यात आपले आयोजक. पाय एका रेषेत, चूक आहे, कोणीही लोटेल. लोटलं! उजवीकडून आलेला हूक हवेत गेला, खांदाच फिरत नाही, सराव फक्त हार स्वीकारण्याचा आहे. अरे, हनुवटी खाली घ्या शेठ, ती फोटोत ठीक असते! कॉलर धरली, हे क्लिंच, रेफ्रीने सोडवायला हवं. रेफ्री कुठे आहे? रेफ्री जेवायला बसलाय. नारळाने मारणं नियमात नाही, ओ दादा, सत्काराचा नारळ खाली ठेवा, गुण जातील..."

दोन्ही मंडपांतल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. दिवसभरात पहिल्यांदा टाळ्या पडल्या. मामांनी दुसऱ्या फेरीची घोषणा केली तेवढ्यात कोणीतरी जनरेटर बंद केला. त्यांनी मग माईकशिवाय, रेल्वे फलाटावरच्या आवाजात, पुढचं सगळं सांगितलं.

रिंगच्या दोरीला टेकून ती दोन पोरं बघत होती, सकाळी जिंकलेला आणि दुपारी जिंकलेला. एकाच केळ्याचे दोन तुकडे करून खाणं चाललं होतं. कळंबोलीच्या पोराने आपलं हेडगार्ड काढलं, घाम पुसला आणि मामांपुढे धरलं.

"काका, हे एकच आहे. दोघांतल्या कोणत्या शेठना देऊ?"