सव्वातीनशे एमबीच्या वसुलीची यात्रा

चारधाम यात्रा डोंबिवलीच्या काकांना अजिबात जड गेली नाही. खरा घाट लागला तो घरी परतल्यावर.

साल 2007. पुतण्याने हँडीकॅमच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून दोन तासांची फिल्म केली होती. कॉम्प्युटर तिचा आकार 4.52 जीबी सांगत होता. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या डीव्हीडीच्या वेष्टनावर ठळक छापलेलं होतं 4.7 जीबी. म्हणजे फिल्म बसून वर जागा उरणार! पुतण्याने डिस्क लिहायचं नीरो सॉफ्टवेअर उघडलं. आयकॉनवर कलोसियम जळत होतंच, आता खालची पट्टीही सरकत सरकत लालभडक झाली. जागा अपुरी. कोऱ्या करकरीत डिस्कवर मोकळी जागा म्हणे 4.38.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला असला फरक झोपू देत नाही. सव्वातीनशे एमबी गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी खिशात बिल घेऊन काका निघाले. डोंबिवलीहून फास्ट, दादरला पुलावरची धक्काबुक्की, मग स्लो लोकलने ग्रँट रोड. पूर्वेला उतरून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग कोणाला विचारलात तर तो तुमच्याकडे बघत राहील. लॅमिंग्टन रोड म्हणा, चहावालाही हात दाखवतो. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. काकांची फिल्म दोन तास चालायला तयार नव्हती.

“इसपे लिखा है चार पॉइंट सात. निकलता है चार पॉइंट तीन आठ. बाकीका किधर गया?”

काउंटरवरच्या पोऱ्याने मानही वर केली नाही. “अंकल, कंपनी हजार से गिनती है, कंप्यूटर एक हजार चौबीस से.”

काकांनी बिलाच्या पाठीवर आकडेमोड मांडली. प्लसवाल्या, म्हणजे डीव्हीडी+आर डिस्कवर 4,70,03,72,992 बाइट असतात, कंपनी त्यात एक बाइटही मारत नाही. पण विंडोज केबी, एमबी, जीबी अशा तिन्ही पायऱ्यांवर 1024ने भागतं. पहिल्या पायरीवर फरक अडीच टक्क्यांच्या आत असतो, तिसरीवर सात टक्क्यांच्या वर जातो. हिशेब चोख निघाला. भांडायला आलेल्या माणसाची याहून मोठी निराशा नाही.

पोऱ्याने मायनसवाली, म्हणजे डीव्हीडी-आर डिस्क पुढे केली, हिच्यात जास्त मावतं म्हणाला. आणि ते खरं आहे! प्लसपेक्षा मायनसमध्ये जागा जास्त, सुमारे 69 लाख बाइटांनी. काकांच्या फिल्मच्या भाषेत दहा सेकंद. दोन थरांची डिस्क 8.5 जीबीची, पण भाव कितीतरी पट, आणि घरचा जुना प्लेअर ती वाचेल याचा भरवसा नाही. मग ओव्हरबर्न? सीडीवर हद्दीपलीकडे मिनीट-दोन मिनिटं कोंबता येतात, डीव्हीडीवर तो नाद करू नये. लेझर आतून बाहेर लिहीत जातो. शेवटचा मजकूर पार काठावर, जिथे सगळ्यांची बोटं लागतात. काकांच्या फिल्मच्या शेवटी बद्रीनाथ होता. बद्रीनाथ काठावर, हे काकूंना सांगायची सोय नव्हती.

सोपा उपाय पुतण्याने संध्याकाळी सांगितला: बिटरेट सेकंदाला 5.4 मेगाबिटवरून 5वर आणायचा. डोळ्यांना फरक कळत नाही, फिल्म आरामात मावते.

“दर्शनाची क्वालिटी कमी करायची?” काका उखडले.

“मग बसच्या खिडकीतलं काढू. पाऊण भागात तुमचा अंगठाच आहे.”

“अहो, त्यात ताई बोलतेय,” काकू म्हणाल्या. अंगठा वाचला.

शेवटी वाटणी झाली: यमुनोत्री-गंगोत्री पहिल्या डिस्कवर, केदार-बद्री दुसरीवर. दोन्ही पट्ट्या निळ्याच राहिल्या. मार्करने ‘भाग 1’, ‘भाग 2’ लिहून दोन्ही डिस्क व्याह्यांकडे रवाना झाल्या.

रात्री व्याह्यांचा फोन आला. डिस्क पाहिली, छान आहे. पण शेंडा-बुडखा कळेना, बद्रीनाथ झाल्यावर एकदम हरिद्वार स्टेशन आणि पुन्हा सगळे ताजेतवाने कसे?