तिसरं हेल्मेट

आप्पांच्या गॅरेजमध्ये एक हेल्मेट आहे. काळं, चकचकीत, अख्खा चेहरा झाकणारं. त्याच्या आधीचं हेल्मेट वरच्या फळीवर आहे आणि त्याच्याही आधीच्यात काकूंनी कढीपत्त्याचं रोप लावलंय. आतलं अस्तर जुनं होतं, म्हणून हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदलावं असं बनवणारे सांगतात, आणि आप्पा सूचनापत्रक शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचतात. त्यामुळे दोन हेल्मेटं मुदत भरल्यामुळे सेवानिवृत्त झाली. तिन्हींतलं एकही कधी रस्त्यावर गेलेलं नाही, कारण आप्पांकडे मोटरसायकल नाही. ती घ्यायची की नाही, हे ते ठरवताहेत.

मी फ्रीमॉंटला त्यांच्याच गल्लीत राहतो, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान आहे आणि शनिवारी सकाळी मोकळा असतो. आप्पांना ऐकणारा माणूस म्हणून एवढी पात्रता पुरते. पहिल्या शनिवारी मला वाटलं, गृहस्थ खरेदीला निघालेत. पाचव्या-सहाव्या शनिवारी लक्षात आलं की निघणं हाच इथला मुक्काम आहे.

याची सुरुवात सांगलीत झाली. १९७१ साली आप्पा वालचंद कॉलेजात होते आणि त्यांना जावा घ्यायची होती. किंवा बुलेट. जावाची गंमत अशी की किक मारायचा दांडा आणि गिअर टाकायचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच खाली वळवून त्याचा गिअर करायचा. ‘एका दांड्यावर दोन कामं म्हणजे बिघाडाला दुप्पट वाव, की वजनात बचत?’ या प्रश्नावर आप्पांनी विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतच्या मेकॅनिकांची मतं घेतली. त्यात दोन वर्षं गेली. १९७३ उजाडलं आणि म्हैसूरच्या कारखान्यातून जावाऐवजी येझदी नाव लावून गाड्या येऊ लागल्या. नाव बदललं म्हटल्यावर आत काय काय बदललं ते बघणं आलं. ते बघून होतंय तोवर अमेरिकेचा व्हिसा आला.

आप्पा १९७५ साली अमेरिकेत उतरले. होंडाची गोल्डविंगही त्याच वर्षी इथल्या रस्त्यावर उतरली. हजार सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, साखळीऐवजी शाफ्ट. आप्पांनी मनोमन वरमाला घातली, पण पहिल्या वर्षीच्या मालात खोडी असतात, त्या निघू देत म्हणाले. त्या निघाल्या. मग १९८८ साली चाराची सहा सिलिंडर झाली, म्हणजे पुन्हा पहिलं वर्ष. ते जरा स्थिरस्थावर होतंय तोवर २००१ साली अठराशे सीसीची आली. होंडाने गाडी सुधारायचं थांबवलं असतं, तर आप्पांनी ती केव्हाच घेतली असती.

या काळात घर झालं, दोन मुलं झाली, चिपच्या कारखान्यात बढत्या झाल्या. या गोष्टी आप्पांनी ठरवल्या कशा, असा प्रश्न पडेल. त्या काकूंनी ठरवल्या. राहतं घर त्यांनी १९८४ साली वीस मिनिटांत पक्कं केलं. आप्पा तेव्हा छपराखाली घुसून वाळवी शोधत होते. खाली आले तोवर काकूंनी बयाण्याचा चेक लिहिला होता.

निवृत्तीच्या दिवशी आप्पांनी पहिलं हेल्मेट आणलं. दुसरं आणलं त्या सुमाराला मोटरसायकलच्या शिकवणीवर्गात नाव घातलं. पुढे काय झालं हे आप्पा सांगत नाहीत, मला काकूंनी सांगितलं. वर्ग एका कॉलेजच्या रिकाम्या पार्किंगमध्ये होता आणि शिकायला छोटीशी अडीचशे सीसीची गाडी होती. हेल्मेट वर्गाचंच घातलं. आपलं कोरं कशाला खरचटवा! गाडी चालू असताना आप्पा उत्तम. थांबताना मात्र डावा पाय टेकवावा की उजवा, हे आप्पांनी ठरवायच्या आत गाडीने ठरवलं. वेग शून्य होता. घोट्याला थोडं खरचटलं. शिकवणाऱ्या बाईंनी सभ्यपणे आभाळाकडे बघितलं.

त्यानंतर आप्पा आठवडाभर मोटरसायकल या विषयावर बोलले नाहीत आणि आठव्या दिवशी मला म्हणाले, “अरे, मुळात दोन चाकं हाच आराखडा अपुरा आहे.”

तेव्हापासून तीन चाकांचं पर्व सुरू आहे.

तीन चाकांच्या या लांब पल्ल्याच्या गाड्या अमेरिकेत पाहणाऱ्याला ठाऊक असतील. पिकल्या दाढीचा माणूस सिंहासनावर बसल्यासारखा बसलेला, मागे तेवढीच ऐसपैस बायको, डिक्क्या तीन, गाणी चालू. सिग्नलला पाय टेकवायचा प्रश्नच नाही. शिवाय कॅलिफोर्नियात तीन चाकीला मोटारीचं लायसन्स चालतं, वेगळी परीक्षा नको. हे कळलं त्या दिवशी आप्पांनी मला फोन करून सांगितलं, मग घरी येऊनही सांगितलं.

मग एक्सेल उघडलं गेलं. उमेदवार चार आणि रकाने बासष्ट. यामाहाची नायकन पहिल्याच फेरीत गेली. तिची पुढची दोन चाकं वळणावर झुकतात, आणि जे झुकतं ते पडूही शकतं, हे आप्पांना आता तोंडपाठ आहे. गोल्डविंगला मागे दोन चाकं जोडून घेता येतात, पण ते बाहेरच्या कारागिराचं काम. पन्नास वर्षं जिला मनात जपली तिच्यावर परक्याने करवत चालवायची, हे आप्पांना बघवेना. उरल्या दोघी. हार्ले-डेव्हिडसनची ट्राय ग्लाइड, पुढे एक चाक, मागे दोन. आणि कॅन-ॲमची स्पायडर आरटी, पुढे दोन, मागे एक.

हार्लेचा निकाल सांगलीहून लागला. आप्पांनी फोटो पाठवला आणि थोरल्या बहिणीने दोन मिनिटांत उत्तर दिलं, “रिक्षा छान आहे. टप कुठाय?” आप्पांनी त्यावर हार्लेचा इतिहास लिहून पाठवला. या कंपनीने सर्व्हि-कार नावाची तीनचाकी १९३२ पासून १९७३ पर्यंत बनवली, पोलीस ती घेऊन पार्किंगची चलनं फाडत फिरायचे, आणि दिल्लीत जुन्या हार्लेंना मागे बाकडी जोडून केलेल्या फटफट्या कित्येक वर्षं सवाऱ्या वाहत होत्या. हा शेवटचा मुद्दा घालायला नको होता. “म्हणजे रिक्षाच की,” अक्कांचं उत्तर आलं. त्या रात्री ट्राय ग्लाइडची ओळ करडी झाली.

“पुढे एक चाक असेल तर रिक्षा,” आप्पा मला समजावू लागले. “पुढे दोन असली की रिक्षा कशी म्हणशील?” मी म्हणालो, नाही म्हणणार. “उलटी रिक्षा,” काकू आतून म्हणाल्या.

स्पायडरबद्दल आप्पांना जे माहीत आहे ते बनवणाऱ्यांनाही एका वेळी आठवत नसेल. बर्फावर पळणाऱ्या स्की-डू बनवणाऱ्या कॅनडातल्या मंडळींनी ती २००७ साली आणली. लांबच्या प्रवासाची आरटी २०१० ची. तेराशे तीस सीसी, तीन सिलिंडर. वजन साडेचारशे किलोंवर. वरचे गिअर डाव्या अंगठ्याने टाकायचे, खालचे तिचे तीच टाकते. उलटा गिअर आहे. हातात ब्रेक नाही. उजव्या पायाखाली एकच, तो तिन्ही चाकांना लागतो.

आता एवढं सगळं पसंत असल्यावर घ्यायला काय हरकत? पण प्रत्येक शनिवारी एक नवा अडसर शिजून तयार असतो, आणि खरं सांगायचं तर आप्पांच्या शंका खोट्या नसतात. एकदा त्यांनी मला जमिनीवर खडूने आकृती काढून दाखवलं. रस्त्यात दगड आला तर मोटार त्याला दोन चाकांच्या मधून सोडते, मोटरसायकल बगल देऊन जाते. या बाईला दोन्ही येत नाही. पुढच्या दोघींच्या मधून जे निसटलं ते मागच्या एकटीला बरोबर सापडतं. “तीन चाकं म्हणजे तीन रेघा,” आप्पा म्हणाले, “आणि आठशे ऐंशीवरचे खड्डे तू पाहिलेस.” मी पाहिले आहेत. त्या हायवेवर मला अधूनमधून माहेरची आठवण येते.

दुसरा शनिवार वळणांचा होता. मोटरसायकल वळणाकडे झुकते, ही झुकत नाही, सरळ उभी राहते आणि बसणाऱ्यालाच बाहेर ढकलते. “आंबा घाटात एसटीत शेजारचा अंगावर येतो ना, तसं. फक्त इथे शेजारी कुणी नाही.” मग लिक वेधशाळेकडे जाणाऱ्या माउंट हॅमिल्टनच्या रस्त्याचा नकाशा निघाला. त्या रस्त्याला वर्षाच्या दिवसांइतकी, तीनशे पासष्ट वळणं आहेत असं लोक म्हणतात. आप्पा ती नकाशावर मोजत होते आणि ऑगस्टपर्यंत आले होते.

तिसरा शनिवार गर्दीचा. कॅलिफोर्नियात मोटरसायकलींना दोन रांगांच्या फटीतून पुढे जाता येतं, कायद्याने. तीनचाकी त्या फटीत मावत नाही. म्हणजे पाऊस मोटरसायकलचा आणि खोळंबा मोटारीचा, असं दोन्ही घरचं जेवण. चौथा शनिवार नमस्काराचा. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवायची इथे रीत आहे. तीन चाकांवरच्याला दोन चाकांवरचा ओळख देतो का? आणि दिली, तर याने बोटं किती दाखवावी? यावर आप्पांनी एका रविवारी दूध आणायच्या निमित्ताने नाइल्सच्या खिंडीच्या तोंडाशी दोन तास उभं राहून पाहणी केली. दूध राहिलं.

मंडळाच्या गणपतीत आप्पांना कुणी “मग, घेतली का?” विचारलं की त्यांचा चेहरा उजळतो. घेतलेल्या माणसाला हा प्रश्न एकदाच विचारतात; आप्पांना गेली सात-आठ वर्षं विचारताहेत. कुणी चेष्टेत “तीन तिगाडा, काम बिगाडा” म्हणालं तर आप्पा कार्ल बेन्झला बोलावतात. जगातली पहिली मोटार म्हणून जिचं पेटंट जानेवारी १८८६ मध्ये नोंदवलं गेलं, तिला चाकं किती होती? तीन! “मनुष्यजातीने सुरुवातच तीनाने केली,” असं म्हणून आप्पा मोदक उचलतात.

“आणि लांबच्या प्रवासाला ती काढली त्याच्या बायकोने,” काकू वरण वाढता वाढता म्हणतात. “१८८८ मध्ये. दोन मुलं घेतली आणि त्याला न सांगता माहेरी गेली, शंभर किलोमीटर. तो बसला असेल कागद घेऊन.” हा भाग आप्पांच्या गोष्टीत नसतो.

त्या बासष्ट रकान्यांतला एकच रकाना रिकामा होता. ‘मागे बसणाऱ्याची सोय’. तिथे नुसतं लिहिलेलं: हिला विचारणे.

गेल्या महिन्यात आप्पा अखेर दुकानात गेले. म्हणजे याआधी अकरा वेळा गेले होते, पण या वेळी प्रश्नांचे तीन छापील कागद होते आणि तिसरं हेल्मेट होतं. ते पुढच्या डिक्कीत मावतं का, हे पाहायचं होतं. मी गाडी चालवायला होतो. काकू आल्या त्या तिथून पुढे कोथिंबीर घ्यायची म्हणून. विकणारा पोरगा शांत स्वभावाचा, दंडावर ड्रॅगन गोंदवलेला. त्याने आप्पांना बसायला खुर्ची दिली, यावरून ओळख जुनी असावी.

पहिल्या कागदाचा सतरावा प्रश्न पट्ट्याच्या ताणाबद्दल होता. तेवढ्यात काकूंनी बाहेर उभ्या केलेल्या स्पायडरकडे बोट करून दुसऱ्या पोरीला काहीतरी विचारलं. ती पोरगी त्यांना सगळं दाखवू लागली. काकू मान हलवत होत्या. १९७० च्या दशकात काकू लुनावरून फर्ग्युसनला जायच्या, हे मला त्याच दिवशी कळलं. पोरीने लायसन्स पाहिलं. मोटारीचं. मग काकू आत आल्या, आप्पांच्या मांडीवरचं हेल्मेट उचललं आणि परत गेल्या. आप्पा पट्ट्याबद्दल ऐकत होते. त्यांना वाटलं असावं, डिक्कीत घालून बघतेय.

बाहेर इंजिन घुमलं. आप्पांनी कागदावरून मान वर केली तेव्हा पंजाबी ड्रेस आणि चालायचे बूट घातलेली एक काळ्या हेल्मेटची आकृती पार्किंगच्या टोकाला वळण घेत होती. वळणावर ती आतल्या बाजूला नीट कलली. दुसरी फेरी, तिसरी फेरी. मग उलटा गिअर टाकून दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध मागे घेत थांबली.

आप्पा उठून उभे राहिले होते. सतरावा प्रश्न हातातच होता.

काकूंनी हेल्मेट काढलं, अंबाडा चाचपला. “ब्रेक पायात आहे ते बरं,” त्या म्हणाल्या. “चला, कोथिंबीर संपेल.”

परतीच्या वाटेवर आप्पा एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचल्यावर हेल्मेट त्यांनी स्वतः पुसलं आणि गॅरेजात न ठेवता आत नेलं. रात्री साडेदहाला माझा फोन वाजला.

“अरे,” आप्पा हळू आवाजात म्हणाले, बहुधा काकू झोपल्या होत्या. “त्या मागच्या सीटला पाठ टेकायला गादी असते बघ. तिची उंची किती इंच, ते मोजायचं राहिलं. येतोस शनिवारी?”