गाणे ऐकण्याची पूर्वतयारी

गाणारा तानसेन आणि ऐकणारा कानसेन अशी संगीताच्या जगातली दोन घराणी मराठी माणूस फार पूर्वीपासून मानत आला आहे. परंतु घरोघरी संगणक पोहोचल्यानंतर या दोहोंत न बसणारा एक तिसरा वर्ग उदयास आला असून सोयीसाठी त्याला ‘फाइलसेन’ म्हणता येईल. फाइलसेन गात नाही, कारण त्याला ते येत नाही. आणि ऐकतोही क्वचितच, कारण त्याला सवड मिळत नाही. त्याचे दिवस गाणे ऐकण्याच्या पूर्वतयारीत जातात: गाणे मिळवणे, त्याची प्रत काढणे, खरखर घालवणे, पट्टी तपासणे, नाव देणे, दिलेले नाव बदलणे आणि हे सर्व आटोपल्यावर तेच गाणे आपल्याकडे आधीपासून दोन ठिकाणी आहे असे ध्यानात आले की तिन्ही प्रती समोर ठेवून त्यांतली अस्सल कोणती हे ठरवत बसणे. बँक, विमा किंवा वीज मंडळ यांपैकी एका ठिकाणाहून निवृत्त झालेला, ठाणे-डोंबिवलीपासून न्यू जर्सीपर्यंत कोठेही आढळणारा, असे त्याचे स्थूल वर्णन करता येईल. मात्र तिशीतल्या संगणक अभियंत्यांतही ही लक्षणे अलीकडे दिसू लागली असल्याने त्यांचा वयाशी संबंध जोडणे धोक्याचे आहे.

या वर्गाला पूर्वपरंपरा नाही असे समजण्याचे कारण नाही. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, त्याआधीपासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींचा बिनाका गीतमाला हा कार्यक्रम गाजत होता, आणि या दोन्ही केंद्रांसमोर वही-पेन घेऊन बसणारा, गाण्याआधी सांगितली जाणारी चित्रपट, गीतकार आणि संगीतकार यांची नावे घाईघाईने टिपणारा आणि गाणे सुरू होताच ‘अक्षर लागले का नीट?’ या चिंतेत पहिला अंतरा घालवणारा श्रोता हा फाइलसेनचा थेट पूर्वज होय. याच वहीची भव्य आवृत्ती कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीत कोशाच्या रूपाने काढली आणि एकट्या माणसाच्या चिकाटीतून काय उभे राहते ते दाखवले. पुढे इंटरनेट नवे होते तेव्हा अमेरिकेत शिकणारी भारतीय मुले रात्र-रात्र जागून जुन्या गाण्यांचे शब्द संगणकावर उतरवू लागली. त्या काळी संगणकावर देवनागरी सहजी उमटत नसे. म्हणून अविनाश चोपडे यांनी तयार केलेली ‘आयट्रान्स’ ही पद्धत त्यांनी वापरली, जिच्यात देवनागरीचे प्रत्येक अक्षर रोमन अक्षरांच्या ठरावीक जोडणीने लिहिले जाते आणि ‘न’साठी लहान एन तर ‘ण’साठी मोठा एन टंकावा लागतो. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या उच्चारावरून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची जात काढणाऱ्या समाजाला हा भेद अखेर एका कळीने पाळता आला, हे या पद्धतीचे फारसे कोणी न नोंदवलेले यश म्हणावे लागेल.

फाइलसेनच्या जीवनाला खरी कलाटणी मिळाली ती एमपी३ या प्रकारामुळे. सीडीवर ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि दोन्ही बाजू धरून एका सेकंदाला सुमारे १४ लाख बिट खर्ची पडतात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांनी पुढाकार घेऊन घडवलेल्या एमपी३मध्ये, मोठ्या आवाजाच्या आड झाकला जाणारा बारीक आवाज माणसाला तसाही ऐकू येत नाही या तत्त्वावर तो भाग वगळून टाकतात, त्यामुळे गाणे अकरापटीने आटोपशीर होते. १९९७ साली विनॅम्प हे गाणी वाजवणारे सॉफ्टवेअर आले आणि गाणी साठवणे हा एकदम परवडणारा छंद झाला. परवडण्याचा परिणाम असा की एक टेराबाइटची डिस्क, म्हणजे खिशात मावणारी एक डबी, अशा गाण्यांनी भरली तर ती ऐकून संपवण्यास अहोरात्र न झोपता जवळजवळ दोन वर्षे लागतात. फाइलसेनकडे अशा चार डिस्क असतात. एक घरी, एक कपाटात, एक पहिल्या दोन्ही बिघडल्या तर म्हणून, आणि एक बहिणीच्या घरी, जिथे ती भाच्याने सिनेमांसाठी केव्हाच पुसून टाकलेली असते.

त्याच्या विद्वत्तेचा खरा कस मात्र ‘टॅग’ भरताना लागतो. टॅग म्हणजे गाण्याच्या फाइलीतच दडलेली माहितीची चिठ्ठी. १९९६ साली निघालेल्या पहिल्या पद्धतीत या चिठ्ठीला फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइट एवढी जागा दिली होती, आणि तीत गाण्याचे नाव, कलाकार व अल्बम यांसाठी प्रत्येकी ३० अक्षरे, सालासाठी ४ आणि प्रकारासाठी एक क्रमांक अशी वाटणी होती. ही जागा शेवटी असण्यात फाइलसेनला परंपरेचा धागा दिसतो, आणि त्यात तथ्यही आहे: १९०२ साली कलकत्त्यात भारतातली पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रणे झाली तेव्हा गौहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारीत असत, कारण तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या तंत्रज्ञांना कोणता आवाज कोणाचा हे कळणे आवश्यक होते. जगातला हा आद्य टॅग असल्याचे फाइलसेन ठासून सांगतो आणि तो मध्येच बदलता येत नसे याबद्दल हळहळही व्यक्त करतो.

मराठी गाणे या चिठ्ठीत बसवणे हे मात्र दुष्कर कर्म ठरते. जिथे ही पद्धत निघाली तिथे गाणे हे गायकाचे असते. मराठी भावगीत कवी, संगीतकार आणि गायक अशा तिघांचे असते, आणि चिठ्ठीत कवीला जागाच नव्हती. प्रकारांच्या मूळ यादीत ८० नावे होती, त्यांत पोल्का हे युरोपातले लोकनृत्य होते, थट्टामस्करीच्या ध्वनिफितींसाठी स्वतंत्र क्रमांक होता, पण नाट्यसंगीत, अभंग, भावगीत आणि लावणी यांपैकी काहीही नव्हते. परिणामी ज्ञानेश्वर, तुकाराम आणि रामजोशी हे तिघेही फाइलसेनच्या संगणकात बरीच वर्षे ‘इतर’ या सदराखाली नांदत होते. साल हा तर स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. सौभद्र नाटक १८८२ सालचे; त्यातले पद बालगंधर्वांच्या आवाजात तबकडीवर आले ते पुढच्या शतकात; त्या तबकडीवरून एलपी निघाली, एलपीवरून कॅसेट आणि कॅसेटवरून सीडी; आणि चिठ्ठीत जागा चार आकड्यांची. पद रचले गेले ते साल धरणारे आणि गायले गेले ते साल धरणारे असे फाइलसेनांत यावरून दोन पंथ पडले असून त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. नावांचीही तीच गत. ‘आनंदघन’ या नावाने संगीत देणाऱ्या लता मंगेशकर आणि ‘वसंत अवसरे’ या नावाने गीते लिहिणाऱ्या शांता शेळके यांना खऱ्या नावाखाली ठेवावे की टोपणनावाखाली, फडके रोमन लिपीत ‘पी-एच’ने लिहावेत की ‘एफ’ने, या प्रश्नांचा निकाल तो दर पावसाळ्यात नव्याने लावतो आणि हजारो फाइली पुन्हा बदलतो. त्यांतल्या कित्येकांना त्याने एकेकाळी हौसेने ‘शिवाजी’ फाँटमध्ये मराठी नावे दिली होती. तो फाँट रोमन अक्षरांनाच देवनागरीचा पोशाख चढवीत असल्याने, युनिकोड रुळल्यावर आणि जुना संगणक मोडीत गेल्यावर, त्या नावांचे जे काही उरले आहे ते आज कोणत्याच भाषेत वाचता येत नाही.

यानंतर येते शुद्धीकरण. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी नेहमीच मिनिटाला बरोबर ७८ फेऱ्यांनी मुद्रित होत असे असे नाही, आणि वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडला की स्वर एका अर्ध्या सुराने सरकतो, म्हणजे पांढरी पाचमध्ये गायलेले पद काळी चारमध्ये ऐकू येते. गायकाची मूळ पट्टी कोणती यावर फाइलसेनांच्या चर्चा दोन-दोन महिने चालतात, आणि त्या काळात ते पद कोणत्याच पट्टीत वाजवले जात नाही. खरखर घालवण्यासाठी तो ऑडॅसिटी हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर वापरतो. जिथे नुसती खरखरच आहे असा तुकडा त्याला दाखवला की तसा ध्वनी ते सबंध गाण्यातून वजा करते. पण नवशिका फाइलसेन हा तुकडा गायक सुरू होण्याआधीचा निवडतो, त्यात तानपुरा वाजत असतो, आणि तानपुरा हीच खरखर अशी सॉफ्टवेअरची प्रामाणिक समजूत होते. अशा रीतीने शुद्ध झालेल्या बैठकीत गायक विहिरीच्या तळाशी बसून, कोणाच्याही साथीशिवाय, षड्ज शोधत असल्यासारखा वाटतो.

अनुभवी फाइलसेन एमपी३वर समाधान मानीत नाही. त्याला फ्लॅक लागते, म्हणजे ध्वनीचा एकही बिट न गमावता लहान केलेली फाइल. कोणी दुष्टाने एमपी३च फुगवून फ्लॅक म्हणून खपवली नाही ना हे पाहण्यासाठी तो गाण्याचा आलेख काढतो, ज्यात कोणत्या क्षणी किती उंच स्वरांचे ध्वनी आहेत ते रंगांत दिसते, आणि सुमारे १६ हजार हर्ट्झच्या वर आलेख सुरीने कापल्यासारखा संपला की फाइल खोटी ठरवून फेकून देतो. साठी ओलांडलेल्या माणसाला साधारण १२ हजारांच्या पुढचे फारसे ऐकू येत नाही आणि जुन्या तबकडीत मुळातच काही हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी उतरत असे. म्हणजे जे गायले गेले नाही, मुद्रित झाले नाही आणि त्याच्या कानांना कळणारही नाही, त्याच्या अभावी तो गाणे बाद करतो. तरीही तबकड्यांच्या प्रती तो सेकंदाला ९६ हजार नमुने घेऊनच काढतो, त्यामुळे मास्टर दीनानाथांच्या ताना राहोत न राहोत, तबकडीवरचा ओरखडा पुढच्या पिढ्यांसाठी अत्यंत बारकाव्यांनिशी जपला जातो.

आजच्या स्ट्रीमिंग ॲपांशी, म्हणजे गाणी साठवून न घेता थेट वाजवणाऱ्या सेवांशी, त्याचे जमत नाही. तिथले ‘शफल’ हे बटण गाण्यांचा क्रम पिसते, आणि ज्या संस्कृतीत भैरवी झाली की मैफल संपली असे मानतात तिथे पहिल्याच फटक्यात भैरवी लागणे त्याला अभद्र वाटते. गीतरामायणाच्या बाबतीत तर तो हळवाच होतो. पुणे आकाशवाणीने एप्रिल १९५५पासून वर्षभर ही ५६ गीते क्रमवार ऐकवली. शफलमध्ये रावणाचा वध आधी होतो, मग सीतेचे स्वयंवर, आणि राम जन्मतो तो सर्वांत शेवटी, निष्कारण. शिवाय ॲप सुचवते ते वेगळेच. दोन अभंग ऐकले की आठवडाभर आरत्या लागतात.

कुटुंबात त्याच्याविषयी आदर असतो, पण तो उपयोगी पडेल अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाही. वाढदिवसाला ‘ते एक गाणे लावा’ म्हटले की कोणते मुद्रण, चित्रपटातले की तबकडीवरचे, असा प्रश्न येतो, डिस्क जोडली जाते, ‘नवीन’, ‘नवीन २’, ‘अंतिम’ आणि ‘अंतिम खरे’ अशा नावांचे कप्पे उघडले जातात, आणि तोवर सुनेने फोनवर ते गाणे जाहिरातीसकट वाजवून केकही कापलेला असतो. आठवणीने गाणे पूर्ण म्हणू शकणारी घरातली एकमेव व्यक्ती बहुधा त्याची पत्नी असते. तिच्याकडे एकही फाइल नसते. व्हॉट्सॲपच्या गटात मात्र त्याचा दबदबा असतो. सकाळी कोणी एखादे गीत बेधडक माडगूळकरांच्या नावावर ढकलले, किंवा त्याच्या जन्माची अश्रुपूर्ण कथा पाठवली, की पाच मिनिटांत फाइलसेनचे खंडन येते, त्यासोबत तबकडीच्या लेबलाचे छायाचित्र असते, आणि त्यानंतर गटात संध्याकाळपर्यंत शांतता असते. दुसऱ्या दिवशी तीच कथा दुसऱ्या सदस्याकडून येते.

एवढे सारे खरे असले तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तबकडीच्या लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंगाने वाचणारी, तो वहीत उतरवणारी आणि त्यावरून मुद्रणाचा काळ ठरवणारी ही माणसे नसती, तर नाट्यसंगीताच्या आणि भावगीताच्या इतिहासात आज जेवढे खात्रीने सांगता येते तेवढेही सांगता आले नसते. १९९० साली मुंबईत स्थापन झालेली रेकॉर्ड संग्राहकांची संस्था याच वेडातून उभी राहिली. शिवाय कंपन्यांनी काढलेल्या तबकड्यांची निदान दुसरी प्रत कोठेतरी असते; घरगुती मैफलींच्या आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या फितींची नसते. त्यांत चहाच्या कपांचा आवाज असतो, कोणीतरी खोकत असते, कोपऱ्यातून एक ओळखीची दाद येते, आणि त्या दादेवरूनच पुढे कधीतरी मैफलीचे ठिकाण आणि वर्ष निश्चित होते. अशा फिती कोकणात आणि मुंबईत दमट हवेने बुरशी धरतात, आणि ती धरली की त्या फार काळ थांबत नाहीत.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या, स्पूल किंवा कॅसेटी पडून असतील त्यांनी त्या भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी ओळखीतल्या फाइलसेनला फोन करावा. तो त्याच दिवशी, जेवण टाकून येईल. खोक्यावर बॉलपेनने लिहिलेली अक्षरे फाडू नयेत, लेबल ओल्या फडक्याने पुसू नये, आणि गाणे कोणत्या सालचे हे नक्की ठाऊक नसेल तर त्याच्यासमोर अंदाज मुळीच सांगू नये.