इंग्रजीचे मास्तर होऊ इच्छिणाऱ्या प्रवासी दांपत्यास काही सूचना

ज्या दांपत्याने स्वदेशीच्या कायम नोकऱ्यांचे राजीनामे देऊन, उभयपक्षी वडीलधाऱ्यांचे अश्रू व उपदेश समप्रमाणात स्वीकारून, प्राग शहरी मुक्काम करून 'सेल्टा' नामक अभ्यासक्रमाच्या मार्गे इंग्रजीची मास्तरकी संपादन करण्याचा संकल्प सोडला असेल, त्याच्या हितार्थ, त्याच वाटेवर ठेचा खाल्लेल्या आम्हां उभयतांच्या वतीने पुढील सूचना जारी करण्यात येत आहेत.

सूचना पहिली, पूर्वपीठिकेविषयी. 'हे कसले भलते वेड?' असे घरून विचारले गेल्यास या पंथाचे आद्य प्रवर्तकही पतिपत्नीच होते, असे नम्रपणे निवेदन करावे. जॉन व ब्रिटा हेक्राफ्ट यांनी १९५३ साली स्पेनमधील कोर्दोबा येथे इंग्रजीची शाळा काढली आणि १९६२ साली लंडनमध्ये शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग भरविला. त्याचाच वंशविस्तार होऊन आजचा किमान १२० तासांचा, चार-पाच आठवडे झोप उडविणारा अभ्यासक्रम सिद्ध झाला आहे.

सूचना दुसरी, मुक्कामाविषयी. देशात दाखल झाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत परदेशी नागरिकांच्या पोलीस कचेरीत नोंद करण्याची तजवीज ठेवावी, आणि इमारतीच्या दारावरील घंटीपाशी आपले आडनाव विनाविलंब चिकटवावे. कारण तेथे टपालवाला खोलीचा क्रमांक नव्हे, नाव शोधतो. उंबऱ्याशी पादत्राणे काढण्याची चाल मात्र तेथेही असल्याने, तेवढ्यापुरते आपल्या घरी आल्याचे समाधान लाभते.

सूचना तिसरी, पिठाविषयी. आणि ही विशेष लक्षपूर्वक वाचावी. तेथे गव्हाचे साधे पांढरे पीठ दळणाच्या पोतावरून ओळखले जाते: 'ह्लद्का' म्हणजे बारीक, 'पोलोह्रुबा' म्हणजे मध्यम आणि 'ह्रुबा' म्हणजे जवळजवळ आपला रवा. हे ज्ञान नसताना आम्ही एका दुकानात पहिला पुडा उचलून विक्रेत्या बाईंसमोर पोळी लाटण्याचा साद्यंत अभिनय केला. बाई मान डोलावून म्हणाल्या, "नो, नो." आम्ही पुडा परत ठेवला. दुसरा उचलला, "नो." तोही ठेवला. तिसऱ्यालाही तेच उत्तर मिळाले तेव्हा, या राष्ट्रात पोळीस बंदी असावी असा निष्कर्ष काढून, रिकाम्या पिशवीनिशी आम्ही घरी परतलो, आणि बाई आमच्या पाठमोऱ्या आकृतींकडे करुणेने पाहत राहिल्या. चेक बोलीत 'नो' म्हणजे 'हो', ही माहिती आम्हांस शेजाऱ्यांकडून त्याच रात्री, पावाचा तुकडा मोडताना, प्राप्त झाली. इंग्रजी शिकविण्याची सनद घेण्यासाठी समुद्रापार गेलेल्या दोघांना इंग्रजीतील सर्वांत लहान शब्दांपैकी एकाने असे उपाशी निजविले!

सूचना चौथी, अध्यापनपद्धतीविषयी. आमच्या पिढ्यान्पिढ्या ज्या तर्खडकर भाषांतर पाठमालेवर पोसल्या, तिचे नावही वर्गात काढू नये. तेथे भाषांतर निषिद्ध मानतात, व अर्थ चित्राने, हावभावाने अथवा प्रश्नाने विद्यार्थ्याकडूनच वदवून घ्यावा लागतो. मागच्या बाकावर परीक्षक टिपणे काढीत बसलेले असताना ६ तास प्रत्यक्ष शिकवावे लागते, ४ लेखी निबंध दाखल करावे लागतात. आणि 'समजले का?' हा मास्तरवर्गाचा वंशपरंपरागत प्रश्न तर सक्त मना आहे, कारण त्यास 'हो' म्हणण्यास काहीच समजावे लागत नाही. त्याऐवजी अर्थाची रुजुवात करणारे बारके प्रश्न विचारावेत.

सूचना पाचवी, गृहसौख्याविषयी. ही पद्धती घरात शिरू न देण्याची खबरदारी घ्यावी. सहाध्याय्याच्या पाठावर अभिप्राय देताना आधी गुण, मग दोष, शेवटी पुन्हा गुण सांगावेत, अशी तेथील रीत आहे. तदनुसार आम्ही एके रात्री म्हणालो, "आमटीचा रंग मनोहर होता, मिठाचा फेरविचार करता आला असता, वाढण्याची वेळ मात्र अचूक साधली." सौभाग्यवतींनी डाव खाली ठेवला.

"अहो, उद्या आमटी मी करणार आहे का?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"मग कोण करणार आहे?"

अर्थाची रुजुवात झाली.

सूचना सहावी व अखेरची. सनद हाती पडण्यापूर्वी त्या पिठाच्या दुकानाची वारी प्रत्येकाने एकदा करावीच. आमच्या सरावाच्या वर्गात एका वृद्ध विद्यार्थ्यास, चहा घेणार का, असे इंग्रजीत विचारले असता तो गांगरून "नो" म्हणाला. आमचे एक सहाध्यायी त्याला वगळून पुढे सरकले. सौभाग्यवती मात्र क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहत थांबल्या, आणि फळ्यावर चितारलेला कप पुसून त्यांनी खराखुरा कप त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

त्या संध्याकाळी घरी ह्लद्काचा पुडा फोडून त्यांनी विचारले, "मग आज पोळ्या तुम्ही लाटणार ना?"

"नो," आम्ही करारीपणे म्हणालो.

त्यांनी पोळपाट आमच्यापुढे सरकविला.